सहा फुटांत दोन टँग

३ फेब्रुवारी, सोमवार

दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहताना ज्याने कधी तिथल्या माशांच्या टाकीकडे नीट पाहिले असेल, त्याच्या एक गोष्ट लक्षात आली असेलच. टाकीत दहा-बारा मासे असतात. त्यांतला एक दांडगट बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहत नाही आणि एकाच्या मात्र हात धुऊन मागे लागलेला असतो. तो एक कोण हे निरखावे, तर बहुतेक वेळा तो त्या दांडगटासारखाच दिसणारा निघतो. तीच अंगलट, तेच तोंड, तीच चाल. परक्यांशी सलोखा आणि सारख्याशी वैर, हे असे का?

छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवल्यामुळे प्रश्न पुढे आला की उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही, मग समोर स्वतःची दैनंदिनी का असेना. उत्तर पोटात आहे. माझा पिवळा टँग हा समुद्री मासा दिवसभर खडकांवरचे शेवाळ खरवडून खातो. क्लाउनफिशची जोडी वरून पडणारे बारीक खाद्य टिपते, गोबी वाळू चाळतो, कोळंबी इतरांच्या अंगावरचे किडे वेचते. त्याच्या ताटात कोणी हात घालत नाही, म्हणून माझ्या सहा फुटी टाकीत तीन वर्षे सगळे गुण्यागोविंदाने नांदत आहेत. पण टँगच्या घाटाचा दुसरा मासा आत आला, की पिवळ्याला तो पाहुणा वाटत नाही, वाटेकरी वाटतो. त्यात टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा काटा असतो. वाटेकऱ्याला घालवण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे.

हे सगळे मी ज्याला निदान वीस वेळा समजावून सांगितले आहे, त्या माझ्या धाकट्या भावाने परवा घरात पाऊल टाकले ते हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत दुसरा टँग!

"दादा, तुझा एकटाच होता ना, म्हणून सोबत आणली."

सोबत! तळपायाची आग मस्तकात गेली. विचारायचे तरी! हा जांभळा टँग, म्हणजे माझ्या पिवळ्याचा अगदी सख्ख्या कुळातला. जांभळा म्हणे! मला तर तो मातकट तपकिरी दिसतो. तो आजारी असणार असे धरून मी मासेवाल्याला ताबडतोब फोन लावला. मासेवाला म्हणाला, "साहेब, आठ आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, तपासून मगच दिलाय. तुमचे भाऊ दर रविवारी येऊन त्याला बघून जायचे. इतक्या चौकश्या करणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. म्हणजे, तुमच्यानंतर." एकही चूक सापडली नाही, याचाच मला जास्त संताप आला.

भावजय गेल्याला वर्ष झाले. आता धाकट्याच्या घरमालकाला घर परत हवे आहे, म्हणून तो महिनाभरासाठी आमच्याकडे आला आहे. हिने मला न विचारता "भाऊजी, आता कायमचेच राहा" असे सांगून टाकले. तो म्हणाला, "महिनाअखेर सांगतो, वहिनी." या घरात मला विचारून काही करायचे नाही असा ठराव झालेला दिसतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इतके दिवस वेगळ्या बादलीत ठेवलेल्या जांभळ्याला आज टाकीत सोडले. पाण्याचा खारेपणा जुळवला, तापमान जुळवले, दिवे बंद ठेवले. नवा टँग सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्याला आपली हद्द ओळखू येत नाही, असा एक नियम आहे. तो मी माझ्या वहीत स्वतः लिहिलेला आहे. परंतु नियम सर्वसाधारण माशांसाठी असतात. माझा पिवळा माझ्या हाताखाली वाढलेला, तीन वर्षांत कोणाला वाकडा शब्द न बोललेला.

दहाव्या मिनिटाला त्याने जांभळ्याला शेपटीचा तडाखा दिला. विसाव्या मिनिटाला जांभळा पंपामागच्या कोपऱ्यात उभाच्या उभा चिकटला होता आणि त्याचा एक पर फाटला होता.

मी काचेवर बोट आपटून पिवळ्याला म्हणालो, "लाज नाही वाटत? त्याने तुझे काय घोडे मारले आहे?" हा अन्याय आहे. कोणी केवळ आपल्यासारखा आहे, हा काय गुन्हा झाला?

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." इतक्या वर्षांत हिने एका झटक्यात मान्य केलेले माझे हे पहिलेच वाक्य असावे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

समोरच्या घरातल्या शिक्षिकाबाई आज मला टाकीतल्या पाण्याबद्दल विचारायला आल्या. मला. मी हात धुवायला गेलो होतो, तेवढ्यात धाकटा माझ्या खुर्चीत बसून त्यांना सांगू लागला, "कसं आहे बाई, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. म्हणून पाणी कमी झालं की गोडं पाणी घालायचं. खारं घातलं तर मीठ वाढत जाणार."

हे माझे स्पष्टीकरण आहे! ताटलीत मिठाचे पाणी उन्हात ठेवण्याचे उदाहरणही त्याने दिले, आणि तेही माझे आहे. जन्मभर शेतांची मोजणी केलेल्या माणसाला बाष्पीभवनाशी काय देणेघेणे? बाई म्हणाल्या, "किती सोपं करून सांगितलंत!" मी टॉवेल हातात घेऊन दारात उभा. मी त्यांना एवढेच म्हणालो, की हे जरा ढोबळ झाले.

मी कोणाशी भांडणारा माणूस नाही. हिच्याशी माझे पटते, शेजाऱ्यांशी पटते, कामाला येणाऱ्या मावशींशी पटते, जिन्यातल्या कुत्र्याशीसुद्धा पटते. याच्याशीच का पटू नये, याचा दोष माझ्याकडे खचितच नाही.

जांभळा अजून पंपामागेच. खायला म्हणून वाळल्या शेवाळाचा कागद काचेवरच्या क्लिपला लावला की पिवळा त्यापुढे पहारा देतो.

९ फेब्रुवारी, रविवार

टाकीच्या एका टोकाला बाहेरून आरसा लावून पाहिला. पिवळ्याला आपलेच प्रतिबिंब परका टँग वाटते आणि तो तिथे गुंतून राहतो. दोन तास तो स्वतःवर काटे उगारून धावत होता. तेवढ्यात जांभळ्याने चार घास खाल्ले. पण पिवळ्याच्या ओठाला काचेवर आपटून इजा होऊ लागली, तेव्हा आरसा काढावा लागला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न झाले.

धाकटा हल्ली जेवण झाले की गॅलरीत जाऊन उभा राहतो. मी हिला म्हणालो, "बघ, त्याला मोकळी हवा आवडते." हिने पातेले जरा जोरात ठेवले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जांभळ्याचे पोट खपाटीला गेले आहे. टँगला पाठीच्या बाजूने पाहावे; डोक्यामागची बाजू आत गेलेली दिसली की तो उपाशी आहे असे समजावे. आणखी दहा-बारा दिवस असेच गेले तर तो मरेल. मी लिहिण्यात आडपडदा ठेवत नाही.

धाकटा चहाचा कप घेऊन टाकीपाशी आला. "दादा, खडक हलवू या."

"ती कमान उभी करायला मला दोन वर्षे लागली आहेत."

"माहीत आहे. मी फोटो पाहिलेत ना. पण तो मरेल रे."

"मासा तू आणलास, आणि घर मी मोडायचे?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मासेवाला परत घेतो म्हणालाय. मी त्याला पोचवून येतो. आणि निवृत्त लोकांचं ते वसतिगृह आहे ना, तिथं एक खोली रिकामी होतेय. एक तारखेपासून. मी बघून आलोय."

एवढ्यात ही माझी वही घेऊन आली आणि मोठ्याने वाचू लागली: "'नियम सातवा. जुन्या माशाचा हट्ट मोडायचा असेल तर खडक हलवावेत. मालकाचा जीव खडकांत अडकलेला असतो. माशाचा जीव त्याहून मोलाचा आहे हे त्याने ध्यानात ठेवावे.' अहो, काय छान लिहिलंय! कोणी लिहिलंय हो हे?"

माझे अक्षर तिला चांगले ओळखता येते. मी वही काढून घेतली. मासा परत नेऊ नको, एवढे मात्र मी धाकट्याला बजावले. अर्धमेला मासा परत करणे म्हणजे आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधणे. खोलीबद्दल मी काही बोललो नाही, कारण मला कोणी विचारले नव्हते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख परवाची ठरली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरी काय करता?" मी टाकीबद्दल सांगू लागलो. सहाव्या मिनिटाला त्यांनी मला हात वर करून थांबवले. "ते पाणी डोळ्याला लागता कामा नये. महिनाभर टाकीत हात घालायचा नाही. आणि पहिले पाच दिवस त्या प्रखर दिव्यांसमोर बसायचंही नाही. आतल्या खोलीत पडून राहा."

पाच दिवस! धाकट्यासाठी मी अकरा पाने सूचना लिहिल्या. रोज सकाळी खारेपणा मोजणे, फेस गोळा करणारे भांडे रिकामे करणे, शेवाळाचा कागद किती इंच कापावा, क्लिप कुठे लावावी, सारे आकृत्यांसह. त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले आणि सातव्या पानावरची बेरजेची चूक दाखवली. कोणत्याही सभ्य माणसाने ती मनातल्या मनात दुरुस्त केली असती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एका डोळ्याने लिहितो आहे. शस्त्रक्रिया ठीक. दार लोटलेले. बाहेर बादल्यांचा आवाज, मग हिचे हसणे. खाऱ्या पाण्याच्या कामात हसण्यासारखे काय असते?

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटा वृत्तान्त द्यायला आला आणि खाली पाहून म्हणाला, "दादा, पिवळ्याला पेटीत घातलंय." छिद्रांची पारदर्शक पेटी टाकीतच लटकवायची आणि दांडगटाला चार-सहा दिवस त्यात ठेवायचे, हा उपाय पुस्तकी दृष्टीने निर्दोष आहे. तो आतून सगळे पाहतो, पण कोणाला मारू शकत नाही. तेवढ्यात नवा मासा बाहेर हिंडायला, खायला शिकतो.

पण माझ्या पिवळ्याला! ज्याने तीन वर्षे ती टाकी सांभाळली, त्याने एका बाजूला पडून राहायचे, आणि काल आलेल्याने त्याच्या डोळ्यांदेखत सगळीकडे मोकाट फिरायचे? त्याच्या जिवाला काय वाटत असेल, याचा या दोघांनी विचार केला का? मी रागाने उशी फिरवून पडलो.

ही चहा घेऊन आली. "बरं आहे ना पेटीत?"

मी म्हणालो, "मला काय विचारतेस, जाऊन बघ."

ती तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी शिक्षिकाबाई आल्या होत्या. भिंतीपलीकडून सगळे ऐकू येते. धाकट्याने त्यांना टँगच्या काट्याविषयी सांगितले, आणि मग म्हणाला, "पण हे सगळं दादाकडून शिकलोय हं. शाळेत असताना तो मला मोरीत बसवून साखर विरघळताना दाखवायचा. इतर पोरं खेळायला जायची, आम्ही साखर बघत बसायचो."

हे त्याच्या लक्षात असेल असे मला वाटले नव्हते. अर्थात ती साखर नव्हती, तुरटी होती. उठून जाऊन दुरुस्त करावे असे वाटले, पण गेलो नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज काळा चष्मा लावून बाहेर आलो. कमान नाही! दोन वर्षांची कमान साफ नाहीशी. तिच्या जागी दोन वेगळे ढीग, मध्ये मोकळी वाट, आणि दोन्ही टोकांना लपायला कपारी. मी ओरडलो. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. खोलीतसुद्धा फेरफार. माझी खुर्ची टाकीच्या डाव्या बाजूला सरकवलेली आणि उजवीकडे गॅलरीतली दुसरी आणून ठेवलेली.

"वहिनी म्हणाल्या म्हणून..." धाकट्याने सुरुवात केली.

"मीच म्हणाले," ही म्हणाली. "ओरडून झालं असेल तर चष्मा काढून एकदा आत बघा. दिवा मंद केलाय."

मी पाहिले. मोकळ्या वाटेतून एक मासा सावकाश येत होता, पोट भरलेला, पर भरून आलेले. तो जांभळा होता. नुसता जांभळा नव्हे, पिकल्या जांभळाची साल उन्हात धरावी तसा, आणि शेपटी हळदीसारखी पिवळी. मी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिले. मातकट तपकिरी. डावा झाकून उजव्याने पाहिले. जांभळा. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून तसाच आहे; त्यामुळे निळ्या-जांभळ्या रंगांचा प्रकाश अडतो आणि ते रंग मळकट दिसतात. कारण अगदी सोपे आहे. तरी मी बराच वेळ एकदा हा डोळा, एकदा तो, असे करत राहिलो.

"तीन आठवडे मी सांगतोय जांभळा आहे," धाकटा म्हणाला.

"मला वाटले तू उगाच वाढवून सांगतोस."

२४ फेब्रुवारी, सोमवार

पिवळ्याला पेटीतून सोडले. आम्ही दोघे दोन बाजूंच्या दोन खुर्च्यांत बसलो. माझे हात मांडीवर, त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भिजलेला. पिवळा बाहेर आला आणि सवयीने कमानीकडे निघाला. कमान नाही. तो थबकला. डावीकडे गेला, ओळखीचे काही नाही. उजवीकडे गेला, तिथे जांभळा. त्याने काटा उगारला, दोन फेऱ्या पाठलाग केला. जांभळा या वेळी पंपामागे गेला नाही. आपल्या कपारीशी वळून उभा राहिला. मग पिवळ्याने अंग सैल सोडले आणि समोरचे शेवाळ खरवडू लागला.

"क्लिपा दोन लावल्यात, दादा. दोन टोकांना. एकावर पहारा दिला तरी दुसरी उरते."

"अकरा पानांत हे नव्हते."

"नव्हतं."

मी उठून दुसरी क्लिप जवळून पाहून आलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पाहतो तो धाकटा बॅग भरतो आहे! शर्टांच्या घड्या शेताच्या बांधासारख्या एकावर एक. मला इतका संताप आला, की चष्मा काढायचे भान राहिले नाही आणि दाराच्या कडेवर आपटलो.

"हे काय चालवले आहेस?"

"एक तारखेला खोली मिळतेय ना. सांगितलं होतं तुला."

"आणि टाकी? डॉक्टरीणबाईंनी महिनाभर हात घालायला मनाई केली आहे. दोन टँग टाकीत सोडून तू खुशाल चालता होणार? ही काय पद्धत झाली? पहिले दोन महिने फार नाजूक असतात. केव्हाही उलटतील!"

"महिनाभर रोज येऊन हात घालीन मी."

"रोज येऊन! म्हणजे जेवण तिकडे, झोप तिकडे, आणि इथे पाहुण्यासारखे यायचे? आणि डावा डोळा? तो काय तुझी वाट पाहत बसेल? आणि शिक्षिकाबाईंना परवा तो फेस काढणारा स्किमर समजावून सांगायचा आहे, मला बोलताना खोकला येतो!"

"तुला कुठं खोकला आहे?"

"येईल!"

तो शर्ट हातात धरून उभा होता. दारामागे ही होती, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळले.

"दादा, तू एकदाही 'राहा' म्हणाला नाहीस. वहिनी रोज म्हणतात. तू नाही."

मला वाटले होते, हे कळण्यासारखे आहे. छत्तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की जे गृहीत धरले ते आधी लिहून काढा. मी त्याच्या हातातला शर्ट काढून घेतला.

"राहा," मी म्हणालो. "आणि साखर नव्हती ती. तुरटी होती."

"साखरच होती. मी चाटली होती."

"तुरटीही चाटली होतीस. रडलास म्हणून दुसऱ्या दिवशी साखर घेतली."

तो खाटेवर बसून हसू लागला. बॅग हिने उचलून नेली. या घरात सामानसुद्धा मला विचारून हलवत नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकट्याने आज आपले कागद दाखवले. मोजणीच्या सवयीने त्याने आलेखाच्या कागदावर टाकीचा आयत काढून, पहिल्या दिवसापासून जांभळा कुठे दिसला त्याचे ठिपके मांडले आहेत. पहिल्या दोन आठवड्यांचे ठिपके पंपामागे इतके दाटले आहेत, की तिथे कागद फाटला आहे. या आठवड्याचे सगळीकडे विखुरलेले. पद्धत उत्तम आहे, आणि हे मी त्याला सांगितले. दोनदा सांगितले.

मग हिने फ्रीजवरून स्वतःचे दोन कागद काढले. आलेखाचे कोरे कागद धाकट्याकडूनच मागून घेतलेले. त्यांवर टाकी नाही, वेडेवाकडे चौकोन: बाहेरची खोली, स्वयंपाकघर, आतल्या खोल्या, गॅलरी. एका कागदावर सगळे ठिपके गॅलरीत. दुसऱ्यावर ठिपके घरभर, आणि सर्वांत जास्त टाकीच्या उजव्या बाजूला. कोणाचे ठिपके, काही लिहिलेले नाही. मी तिला स्पष्ट सांगितले, की ही निष्काळजीपणाची परमावधी आहे. ना तारीख, ना प्रमाण, ना उत्तर दिशा!

"तारखा माझ्या लक्षात आहेत," ती म्हणाली.

असे चालत नाही. कसोटी करायची तर शिस्तीने करावी, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवतो. कोणालाही करता येईल. कागदावर जागेचा आयत काढावा, वर तारीख घालावी. नवा आल्यापासून सात दिवस, दिवसातून दहा वेळा, सहज जाता-येता पाहावे आणि तो असेल तिथे ठिपका द्यावा. जेवणाच्या वेळचे ठिपके धरू नयेत. जेवायला सगळेच येतात. आठव्या दिवशी कागद हातभर लांब धरावा. ठिपके सगळीकडे पसरले असतील, तर तो रुळला. एकाच कोपऱ्यात दाटले असतील, तर त्याला दोष देऊ नये. आपण कोणता खडक हलवायला तयार नाही, ते आधी पाहावे.